अकोल्याहून चिखलदऱ्यास

आश्विन महिना सरत आला की वऱ्हाडातील पावसाची धांदल संपते, आणि उन्हाळ्याचा दाह अजून पुष्कळ दूर असतो. ज्या अकोला शहरात वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो, तेथेच या दिवसांत पहाटे अंगावर पांघरूण ओढून घ्यावेसे वाटते. आकाश धुतल्यासारखे निळे असते. शाळांना दिवाळीची सुटी असते. वऱ्हाड पाहावयाचे, तर ते याच दिवसांत पाहावे. त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. अकोल्याहून पहाटे निघून मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव आणि परतवाडा या मार्गाने सायंकाळी चिखलदऱ्यास पोहोचता येते. हा प्रवास दीडशे किलोमीटरांहून थोडा कमीच भरतो; परंतु तेवढ्यात प्रवासी काळ्या सपाट मैदानातून निघून समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीच्या पठारावर जाऊन उभा राहतो.

मूर्तिजापूरपर्यंत मुंबईहून नागपूरकडे जाणारा मोठा लोहमार्ग आहे. हा मार्ग १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचला. त्याच्या थोडे आधी, १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा त्या गिरणीमालकांची दृष्टी वऱ्हाडाच्या काळ्या मातीकडे वळली. आपल्या गावच्या शेतात पिकणाऱ्या बोंडाचा भाव सातासमुद्रांपलीकडच्या लढाईने ठरावा, ही गोष्ट तेव्हाच्या शेतकऱ्याला नवलाची वाटली असेल. आज त्याला तिचे नवल राहिलेले नाही.

गाडीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना पऱ्हाटीची शेते दिसतात. मृगात पेरलेली कपाशी दसऱ्याच्या सुमारास फुटू लागते आणि दिवाळीत वेचणी ऐन भरात येते. पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतात सीतादही करण्याची पद्धत वऱ्हाडात पूर्वापार आहे. फुटलेल्या बोंडांवर दहीभात शिंपून मगच बाया कापसाला हात लावतात. वेचणी शक्यतो सकाळी होते, आणि याला कारण आहे. रात्रीच्या दवाने झाडाची वाळलेली पाने मऊ झालेली असतात. ऊन चढले म्हणजे तीच पाने चुरचुर मोडतात आणि त्यांचा चुरा कापसाला चिकटतो. कचरा मिसळलेल्या कापसाला बाजारात भाव कमी येतो. कमरेला ओटी बांधून वाकलेली बाई दोन्ही हातांनी बोंडे रिती करीत ओळीतून पुढे सरकते. तिची मजुरी बहुधा किलोवर ठरलेली असते. कापूस किती हलका असतो हे ज्याने हातात घेऊन पाहिले आहे, त्याला एक किलो भरण्यासाठी किती वेळा वाकावे लागत असेल याची कल्पना करता येईल. आणि अशा वेळी परतीचा पाऊस आला, तर फुटलेला कापूस झाडावरच भिजतो, डागाळतो आणि सहा महिन्यांची मेहनत निम्म्या भावाने विकावी लागते. दिवाळीच्या निरभ्र आकाशाकडे प्रवासी ज्या आनंदाने पाहतो, त्याहून निराळ्या नजरेने शेतकरी पाहतो.

मूर्तिजापुरास उतरल्यावर एका जुन्या गाडीची आठवण येणे अपरिहार्य आहे. येथून उत्तरेस अचलपुरास ७६ किलोमीटरांचा आणि दक्षिणेकडे यवतमाळास ११३ किलोमीटरांचा असे दोन अरुंद लोहमार्ग जात. दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. कापूस आतल्या भागातून मोठ्या लोहमार्गापर्यंत आणावा, या हेतूने एका इंग्रज कंपनीने हे मार्ग बांधले. वेचलेल्या कापसात साधारण एक भाग रुई आणि दोन भाग सरकी असते. सरकी काढून रुई दाबून गठाण बांधली, म्हणजे गाडाभर माल थोड्या जागेत मावतो. म्हणूनच या मार्गांवरच्या गावांतून जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. लोकांनी या गाडीला ‘शकुंतला’ असे सुंदर नाव दिले. मँचेस्टर येथे १९२१ साली बांधलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ सालापर्यंत धावत होते. नंतर त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली.

शकुंतलेला घाई अशी ठाऊकच नव्हती. अचलपूरचे ७६ किलोमीटर ती सुमारे चार तासांत तोडी. फाटकावर माणूस नसे. गाडी थांबवून गाडीवरचाच माणूस खाली उतरे, फाटक लावी, गाडी पुढे गेली की ते उघडी आणि पुन्हा चढे. आम्ही शाळकरी असताना या विलंबावर विनोद करीत असू. पण वऱ्हाडातील गरीब माणसाला बसच्या भाड्याच्या अंशाने तालुक्याला नेणारे दुसरे वाहन नव्हते, हे त्या विनोदांत कधी आले नाही. स्वातंत्र्यानंतर देशातील बहुतेक लोहमार्ग सरकारी झाले, तरी या मार्गाची मालकी त्या खासगी कंपनीकडेच राहिली. गाड्या मात्र भारतीय रेल्वे चालवीत असे. रूळ जीर्ण झाले, दुरुस्ती लांबत गेली आणि अलीकडच्या वर्षांत गाडी थांबली. मार्ग रुंद करून ती पुन्हा सुरू करावी, यासाठी लोकांनी वेळोवेळी आंदोलने केली आहेत. आता प्रवाशाला एस.टी.च्या बसने पुढे जावे लागते.

मूर्तिजापूर सोडले की लाखपुरीजवळ पूर्णा नदी आडवी येते. नदीच्या दोन्ही काठांना खारपाणपट्टा म्हणतात. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरलेला आहे. उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर, यांमधील खोलगट भाग हजारो वर्षांच्या गाळाने भरून आला. शेकडो फूट जाडीच्या या चिकण गाळातून पाण्याचा निचरा फार मंद होतो, आणि त्यातले क्षार तेथेच साठून राहतात. म्हणून येथे विहीर खणली तर पाणी लागते, परंतु ते खारट लागते. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. ते पिकाला दिले तर जमीनही बिघडते. अशा पाण्यामुळे मूत्रपिंडाचे विकार जडतात, अशी येथील लोकांची जुनी तक्रार आहे. गावाच्या मध्यभागी पाण्याने भरलेली विहीर असावी आणि पिण्यासाठी घागर घेऊन दूर जावे लागावे, याहून मोठी विटंबना कोणती! शहानूर धरणाचे पाणी नळाने येऊ लागल्यापासून दर्यापूर-अंजनगाव भागातील अनेक गावांचा त्रास कमी झाला आहे.

याच मातीचा दुसरा गुणही सांगितला पाहिजे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात तिला माणसाचा पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. परंतु शरदात तिने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर हरभरा पाण्यावाचून पिकतो. बसच्या खिडकीतून पऱ्हाटीच्या शेजारी नुकती उगवलेली हरभऱ्याची कोवळी रांग दिसते, ती या ओलीची कमाई.

दर्यापूर मागे टाकून अंजनगावाकडे जाऊ लागले की देखावा पालटतो. विहिरींचे पाणी गोड होते. केळीच्या बागा, पानमळे दिसू लागतात, आणि पुढे अचलपुराकडे संत्र्याचे हिरवे मळे. गाडगेबाबांचे जन्मगाव शेंडगाव याच तालुक्यात आहे. अंजनगाव-सुर्जी हे नाव इतिहासातही आलेले आहे. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यामधील तह येथे झाला. त्याच्या पंधरा दिवस आधी आर्थर वेलस्ली याच्या फौजेने भोसल्यांच्या ताब्यातील गाविलगड घेतला होता. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली त्याने वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव केला.

अचलपूर ही एके काळची वऱ्हाडची राजधानी. बहामनी राज्य फुटल्यावर येथे इमादशाही स्थापन झाली, आणि १५७४ साली ती अहमदनगरच्या निजामशाहीने बुडविली. गावाला लागूनच परतवाडा आहे. तेथे बस बदलावी, चहा घ्यावा आणि घाटात डाव्या-उजव्या बाजूची चांगली जागा आधीच धरावी, कारण पुढचा तास खिडकीबाहेर पाहण्याचा आहे.

घाट चढू लागताच कापूस संपतो आणि साग सुरू होतो. वळणावळणाला हवा थंड होत जाते. येथून पुढे मेळघाट, कोरकू लोकांचा मुलूख. त्यांची भाषा मराठीच्या कुळातली नसून मुंडा कुळातली आहे. तिचे नातलग पूर्वेकडे झारखंड-ओरिसाच्या बाजूला आढळतात. १९७३ साली देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाटही होते.

चिखलदऱ्यास कॉफीची झाडे आहेत, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. भीमाने कीचकाला मारून येथल्या दरीत टाकले, म्हणून ‘कीचकदरा’, आणि त्याचे झाले चिखलदरा, अशी लोककथा आहे. उजेड असेतोवर दक्षिणेच्या कड्यावर जावे. गाविलगडाचे बुरूज जवळच दिसतात. खाली, जेथून सकाळी निघालो ते मैदान धुरकट निळे होऊन पसरलेले असते. कड्याच्या या बाजूचे पाणी ओढ्यांनी पूर्णेला मिळते. पाठीमागच्या उत्तर उतारावरचे पाणी सिपना, गडगा या नद्यांतून तापीकडे जाते. आणि पूर्णाही पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे त्याच तापीला जाऊन मिळते.