शिळाछापापासून ‘हिंदी पंच’पर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत वाचू शकणाऱ्यांपेक्षा केवळ पाहून समजू शकणाऱ्यांची संख्या कितीतरी मोठी होती आणि सचित्र पत्राचे सामर्थ्य व धोका ही दोन्ही याच वस्तुस्थितीतून उद्भवली. पारशी समाजातील गुजराती पत्रकारांनी या प्रकारात पुढाकार घेतला. शिळाछाप हे त्यांचे मुख्य साधन होते. या तंत्रात चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट शाईने आकृती काढून शिळा ओली करतात व वर छपाईची शाई फिरवतात. ओल्या भागावर ती धरत नाही, रेषांवर मात्र बसते, त्यामुळे लाकडी ठसे कोरण्याचा खटाटोप न करताही चित्र उमटते.

१८५१ साली ‘चित्रज्ञानदर्पण’ या गुजराती पत्राने थोर पुरुषांची सचित्र चरित्रे देताना इस्लामच्या प्रेषितांचेही चित्र छापले, त्यातून मुस्लिम समाजाच्या भावना दुखावल्या आणि ऑक्टोबरात शहरात पारशी-मुस्लिम दंगल उसळली. नुसत्या मजकुराने प्रकरण या थराला गेले असते असे वाटत नाही.

पुढे १८५४ मध्ये ‘पारसी पंच’ निघाले. लंडनच्या ‘पंच’ या १८४१ पासूनच्या विनोदी साप्ताहिकाचे ते उघड अनुकरण होते. पण संपादक बर्जोरजी नवरोजी यांच्या काळात त्याचे ‘हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानी, ‘पंच’ झाले आणि लंडनच्या ‘पंच’मधील विदूषकाचा ‘पंचोबा’ होऊन गुजराती व इंग्रजी मजकुराच्या जोडीने काँग्रेसची अधिवेशने, व्हाइसरॉय व नगरपालिकेचा कारभार यांवर भाष्य करू लागला. त्याची व्यंगचित्रे, म्हणजे अतिशयोक्तीने दोष दाखवणारी चित्रे, इंग्लंडमध्ये डब्ल्यू. टी. स्टेड यांनी आपल्या मासिकात पुनर्मुद्रित केली.

‘हिंदी पंच’चा कल मवाळांकडे होता, सरकारला तो चिमटे काढी, पण सहसा घाव घालीत नसे, आणि त्याच्या दीर्घायुष्याचे हे एक कारण मानावे लागेल. उलट ठाण्याच्या मराठी ‘हिंदुपंच’वर १९०९ साली खुद्द गोपाळ कृष्ण गोखल्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. चित्रकलेच्या दृष्टीने ‘हिंदी पंच’ची रेखाटने पुष्कळदा लंडनी वळणाचीच राहिली, मात्र त्या काळच्या मुंबईचे सार्वजनिक जीवन समजून घेण्यास त्यांच्याइतके बोलके साधन क्वचितच सापडेल.