जुन्या लाकडी होडीचं इंजिन: दुरुस्त करावं की नवं घ्यावं?

पनवेल खाडीतल्या जुन्या होडीचं इंजिन धूर ओकू लागलं की नवं घ्यायचा सल्ला लगेच मिळतो. कर्ज काढण्याआधी धूर बघा. निळा असेल तर ऑइल जळतंय. बहुतेक वेळा रिंगा, लाइनर बदलून भागतं. काळा असेल तर नोझल, एअर फिल्टर तपासा. पण ऑइल दुधाळ झालं असेल तर आत पाणी शिरलंय. गॅस्केट गेलं असेल तर ठीक. खाऱ्या पाण्यानं ब्लॉकच खाल्ला असेल तर त्यावर पैसे घालू नका.

नवं घ्यायचं ठरलं तरी आधी लाकूड पाहा. इंजिनखालचं लाकूड कुजलेलं, खिळे गंजलेले असतील तर जास्त ताकदीचं इंजिन फळ्यांचे सांधे हलवतं, आणि पाणी आत येतं ते भर समुद्रात. शाफ्ट, पंखाही जुळवावा लागतो. हा खर्च दुकानात कुणी सांगत नाही. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत होडी वर ओढलेली असते, तेव्हाच मिस्त्रीकडून इंजिन खोलून घ्या.