'दिवाण' आणि 'दिवाणखाना' : अर्थ व उपयोग

बैठकीच्या खोलीत भिंतीलगत ठेवलेल्या, गादी व लोड असलेल्या पाठरहित लांब आसनास मराठीत 'दिवाण' म्हणतात. असा दिवाण ज्या खोलीत असतो तो 'दिवाणखाना', अशी फोड विद्यार्थी सहजपणे करतात. ती सयुक्तिक वाटली तरी बरोबर नाही. 'दिवाणखाना' हा शब्द मराठी घरातील या आसनाहून पुष्कळ जुना असून त्यातील 'दिवाण' ही बसण्याची वस्तू नव्हे.

फारसी 'दीवान' म्हणजे मुळात नोंदवही, दफ्तर. त्यावरून दफ्तराची कचेरी, कारभाऱ्यांची सभा आणि प्रमुख कारभारी असे अर्थ विकसित झाले. कवीच्या रचनांच्या संग्रहासही 'दीवान' म्हणतात, ते याच मूळ अर्थामुळे. मराठीत रूढ झाला तो कारभाराचा अर्थ. नागपूरकर जानोजी भोसले यांचे दिवाण देवाजीपंत चोरघडे 'साडेतीन शहाण्यां'पैकी एक गणले जातात. 1765 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीस मिळालेली बंगालची 'दिवाणी' आणि आजचे 'दिवाणी न्यायालय' ही त्याच कुळातील रूपे होत. सावकाराच्या पेढीवरील 'दिवाणजी' मात्र साधा कारकून! शब्दांनाही पदावनती चुकत नाही.

दिवाणखाना ही अशा कारभाराची व भेटीगाठींची जागा. पुढे वाड्यातील पाहुण्यांच्या दालनास ते नाव मिळाले. तेथे बिछायत, लोड आणि तक्के असत.

आसनवाचक दिवाणाचा प्रवास निराळा आहे. उस्मानी तुर्कांच्या राज्यात सभागृहाच्या भिंतींलगतच्या गाद्यांच्या बैठकीस सभेचेच नाव पडले. ते युरोपीय भाषांत गेले आणि इंग्रजी 'डिव्हान'च्या वाटेने फर्निचरसह भारतात परतले, असे मानणे योग्य ठरते. 'सोफा' या शब्दाची कथाही अशीच आहे. अरबी 'सुफ्फा' म्हणजे ओटा. तोही युरोप फिरून आपल्याकडे आला.

1861 मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांताची राजधानी असलेल्या नागपुरात मराठी व हिंदी शेजारी नांदल्या. त्यामुळे येथे आसनाच्या संदर्भात 'दिवान' असा हिंदी उच्चारही कानी पडतो. मराठीने 'मैदान', 'दुकान' या शब्दांतील 'न' राखला, 'दिवाण'मध्ये मात्र 'ण' केला, हे लक्षणीय आहे.

अर्थभेदाचा खरा प्रश्न जुने कागद वाचताना उभा राहतो. तेथे 'दिवाण' म्हणजे सरकार असाही अर्थ येतो. 'ऐवज दिवाणात जमा केला' यासारखे वाक्य आज पेटीच्या दिवाणात पांघरुणे ठेवणाऱ्या घरातील विद्यार्थ्याने वाचले, तर सरकारजमा झालेली रक्कम तो गादीखाली शोधील. म्हणून शालेय व महाविद्यालयीन कोशांत आसनाचा अर्थ जुन्या नोंदीच्या शेपटीला न जोडता त्याची स्वतंत्र नोंद करणे आणि तेथे शब्दाच्या परतीच्या प्रवासाचा उल्लेख करणे इष्ट होय.