शाळेची पाटी नव्हे, वर्गातला तास पाहा

बोलण्यामागची अडचण : लेखांक सातवा

गेल्या लेखांकात भाषेच्या तपासणीचा अहवाल कसा वाचायचा ते पाहिलं. अहवालावर ‘डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर’ (डीएलडी), म्हणजे विकासात्मक भाषा विकार, असं लिहून आलं की घरातला पुढचा प्रश्न ठरलेला असतो : आता याला कुठल्या शाळेत घालायचं? आजी म्हणते, आहे तिथंच राहू दे, मोठा झाला की बोलेल. शाळेतून सुचवलं जातं, ‘स्पेशल’ शाळा बघा. ओळखीतलं कुणी तिसरंच नाव सांगतं. या ओढाताणीत प्रवेशाची मुदत निघून जाते आणि निर्णय न घेताच तो होऊन बसतो. म्हणून आज, हा निर्णय कशाच्या आधारावर घ्यायचा ते पाहू.

आधी थोडी उजळणी. डीएलडी असलेल्या मुलाला साधारणपणे ऐकू नीट येतं. त्याला ऑटिझम नसतो, मेंदूला इजा झालेली नसते. खेळातले डाव कळतात, माणसं कळतात; अडते ती भाषा. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात कोर्टनी नॉरबरी आणि सहकाऱ्यांनी शाळेत नुकत्याच दाखल झालेल्या मुलांची मोठी पाहणी केली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, दुसरं कुठलंही कारण नसताना भाषेची अडचण असलेल्या मुलांचं प्रमाण साडेसात टक्क्यांच्या आसपास निघालं. हेच प्रमाण धरलं तर चाळीसच्या वर्गात अशी तीन मुलं असतात. बहुतेकांना ‘अभ्यासात लक्ष नाही’ एवढाच शेरा मिळतो.

ही अडचण वर्गात कशी दिसते? दोन वाक्यं घ्या. ‘मनीनं बंटीला ढकललं’ आणि ‘मनीला बंटीनं ढकललं’. नावांचा क्रम तोच; कुणी कुणाला ढकललं हे फक्त ‘नं’ आणि ‘ला’ सांगतात. शाळकरी वयाच्या बहुतेक मुलांना यात विचार करावा लागत नाही. डीएलडी असलेलं मूल मात्र पहिलं नाव उचलून दोन्ही वेळा मनीलाच दोषी धरू शकतं. आता असंच मूल चौथीत इतिहासाच्या तासाला बसलं आहे आणि बाई सांगताहेत, ‘अफजलखानानं पाठवलेला निरोप वकिलानं महाराजांना सांगितला.’ निरोप कुणाचा, सांगितला कुणी, ऐकला कुणी, हे ते जुळवत असतं तोवर बाई प्रतापगडाच्या पायथ्याशी पोचलेल्या असतात. गोष्ट समजण्याची कुवत त्याच्यात आहे. वाक्यांचा वेग त्याला झेपत नाही. शाळा शोधायची ती या मुलासाठी, हे पुढचं सगळं वाचताना लक्षात ठेवावं.

आपल्याकडे शोध सुरू केला की पहिली अडचण येते ती वर्गवारीची. महाराष्ट्रातल्या विशेष शाळा वर्षानुवर्षं दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार चालत आल्या आहेत : दृष्टिहीन, कर्णबधिर, मतिमंद, अस्थिव्यंग. यात डीएलडीचा वेगळा खण नाही. त्यामुळे पालकांना जी दारं दाखवली जातात ती दुसऱ्याच गरजांसाठी बांधलेली असतात. कर्णबधिरांच्या शाळेत शिक्षणाची सगळी मांडणी ऐकू न येण्याभोवती असते. मतिमंद मुलांच्या शाळेत अभ्यासक्रमच वेगळा आणि कमी असतो. या शाळा ज्यांच्यासाठी आहेत त्यांच्यासाठी मोलाचं काम करतात, पण आपल्या मुलाची गरज ती नसेल तर त्याची वर्षं वाया जातात.

मुलाला मतिमंद ठरवण्याआधी तर फार सावध राहायला हवं. बुद्ध्यांक काढण्यासाठी आपल्याकडे अजूनही बिने-कामत चाचणी सर्रास वापरतात. डॉ. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतलेल्या या चाचणीचा भर शब्दांवर आहे. प्रश्न शब्दांत, उत्तर बहुतांशी शब्दांत. ज्याला भाषाच अडते त्या मुलाचा आकडा इथं खाली येणारच. मग त्या आकड्यावरून शाळा ठरते आणि शाळेवरून पुढचं आयुष्य. म्हणून मानसशास्त्रज्ञांना सरळ विचारा, ‘भाषा न वापरता घेतलेली चाचणी केली आहे का?’ रेव्हनच्या आकृत्यांची चाचणी तशी आहे. नागपूरच्या मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतलेल्या चाचणीत शाब्दिक भाग आणि कृतीचा भाग वेगळे मोजले जातात. दोन्हींचे गुण वेगवेगळे मागून घ्या. कृतीत मूल वयाच्या बरोबरीनं आणि शब्दांत बरंच मागे असेल, तर मतिमंद मुलांच्या शाळेची शिफारस स्वीकारण्याआधी दुसरं मत घ्यायलाच हवं. मात्र उलटाही गैरसमज नको. डॉरोथी बिशप यांच्या पुढाकारानं जमलेल्या तज्ज्ञांच्या गटानं २०१७ साली स्पष्ट केलं की अशी तफावत नसली तरी डीएलडीचं निदान होऊ शकतं.

फक्त भाषेच्या अडचणीसाठी असलेली शाळा कशी असते, हे इंग्लंडमध्ये पाहायला मिळतं. सरे परगण्यातलं मूर हाऊस स्कूल १९४७ साली सुरू झालं. तिथं स्पीच थेरपिस्ट शाळेचेच कर्मचारी असतात आणि विषयाचे शिक्षक व थेरपिस्ट तासाची आखणी मिळून करतात. याच शाळेत काम करताना सुझन एबेल्स यांनी व्याकरण डोळ्यांना दिसेल अशी पद्धत विकसित केली. शब्दाची जात रंगानं, वाक्यातली त्याची जागा आकारानं आणि काळ बाणांनी दाखवायचा. कानावरून निसटून जाणारं वाक्य कागदावर थांबतं. मुलाला त्यातला कुठला तुकडा राहिला ते बोट ठेवून दाखवता येतं.

इंग्लंडमध्ये शाळेची निवडही कायद्यानं बांधलेली आहे. २०१४ च्या कायद्यानुसार गरजू मुलाचा शिक्षण, आरोग्य आणि काळजी असा एकत्रित आराखडा बनतो. शाळेचं नाव त्यातच लिहिलं जातं, वर्षातून एकदा तरी त्याचा फेरआढावा होतो आणि निर्णय पटला नाही तर पालक न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतात. लंडन किंवा स्लाव भागात राहणाऱ्या मराठी पालकांनी एवढं जरूर लक्षात ठेवावं : या आराखड्यासाठी तपासणीची मागणी पालक स्वतः करू शकतात, शाळेनं पुढाकार घेण्याची वाट पाहावी लागत नाही. पण तिथंही डीएलडी असलेली बहुसंख्य मुलं साध्याच शाळेत शिकतात. विशेष शाळा अडचण फार तीव्र असलेल्या थोड्यांना मिळते. म्हणजे अशी शाळा जवळ नसली म्हणून हात टेकायचं कारण नाही. तिच्यात जे घडतं त्यातलं किती आपल्या गावातल्या शाळेत घडू शकेल, हे पाहायचं.

त्यासाठी शाळेत जावं लागेल, आणि तेही स्नेहसंमेलनाच्या किंवा प्रवेशाच्या दिवशी नव्हे, साध्या कामाच्या दिवशी. मुख्याध्यापकांना विनंती करून एका तासाला मागच्या बाकावर बसा. पुढच्या गोष्टी नीट पाहा.

पहिली गोष्ट, सूचना कशी दिली जाते. ‘वही काढण्याआधी फळ्यावरची तारीख पाहा आणि मग मागच्या पानावर समास आखा’ ही एका दमात दिलेली सूचना आपल्या मुलाला पेलणार नाही. बाई ती तोडून, एकेक करून, फळ्यावर खूण करत देतात का? प्रश्न विचारल्यावर थांबतात का, की दोन क्षणांत दुसऱ्याकडे वळतात? शब्द शोधायला वेळ लागणाऱ्या मुलासाठी हे थांबणं फार महत्त्वाचं आहे.

दुसरी गोष्ट, नवा शब्द कसा शिकवला जातो. ‘बाष्पीभवन’ हा शब्द फळ्यावर लिहून व्याख्या उतरवून घेतली, की ओलं फडकं उन्हात ठेवून, तो शब्द तासाभरात पुन्हा पुन्हा वापरून, मुलांकडून वदवून घेतला? डीएलडी असलेल्या मुलाला एक शब्द पक्का व्हायला इतरांपेक्षा जास्त वेळा भेटावा लागतो.

तिसरी गोष्ट, चुकलेल्या वाक्याचं काय होतं. मूल म्हणालं, ‘दूध सांडला’. वर्ग हसला का? बाईंनी ‘हो, दूध सांडलं का? बरं, पुसू या’ असं म्हणत बरोबर रूप सहज कानावर घातलं का? जिथं मूल तोंड उघडायला घाबरतं तिथं कुठलीही थेरपी फळ देणार नाही.

चौथी गोष्ट, स्पीच थेरपिस्टची जागा. पुष्कळ शाळा माहितीपत्रकात थेरपीची सोय लिहितात. आठवड्यातून अर्धा तास मुलाला वर्गाबाहेर नेऊन चित्रांची नावं विचारणं, एवढीच ती सोय असू शकते. विचारा : थेरपिस्ट वर्गात येतात का? पुढच्या आठवड्याच्या धड्यातले शब्द त्यांना आधी कळतात का? वर्गशिक्षिका आणि त्या शेवटच्या कधी बोलल्या? भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे का, हेही विचारायला संकोच नको. शाळेत अशी सोय नसेल, पण तुमच्या बाहेरच्या थेरपिस्टना वर्गात येऊ द्यायला शाळा तयार असेल, तर ती नुसती खोली दाखवणाऱ्या शाळेपेक्षा बरी.

आणि मधली सुट्टी चुकवू नका. डबा खाताना, पटांगणावर मुलं एकमेकांशी कशी वागतात ते पाहा. भाषेत मागे पडणारं मूल अनेकदा मैत्रीतही मागे पडतं. ते एकटं पडलं तर शाळा काय करते, हे तिथंच कळतं.

माध्यमाचा प्रश्न घरोघरी असतो. दोन भाषांमुळे डीएलडी होत नाही. कॅनडात जोहान पॅराडिस आणि सहकाऱ्यांनी २००३ साली फ्रेंच-इंग्रजी अशा दोन भाषा बोलणाऱ्या आणि हाच विकार असलेल्या मुलांची एकच भाषा बोलणाऱ्या तशाच मुलांशी तुलना केली. दोन भाषांची मुलं व्याकरणात त्यांच्यापेक्षा मागे नव्हती. तेव्हा ‘घरात मराठी बंद करा’ असा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका. आजी-आजोबांशी, आईशी मूल ज्या भाषेत मन मोकळं करतं तीच काढून घेणं अन्याय आहे. मात्र जी भाषा घरात कुणीच बोलत नाही तिच्यात सगळे विषय शिकणं या मुलाला दुप्पट जड जातं. चांगली मराठी किंवा सेमी-इंग्रजी शाळा जवळ असेल तर तिला केवळ प्रतिष्ठेपायी डावलू नये.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. त्यातल्या ‘वाचा आणि भाषा’ या प्रकाराची व्याख्या स्वरयंत्र काढणं किंवा वाचाघात अशा कारणांनी येणाऱ्या कायमस्वरूपी दिव्यांगत्वाची आहे. डीएलडी तिच्यात सहज बसत नाही. पण ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ या प्रकाराच्या व्याख्येत बोललेली किंवा लिहिलेली भाषा समजून घेण्यातली अडचण येते, आणि उदाहरणांत ‘डेव्हलपमेंटल अफेजिया’चा, म्हणजे वाढीच्या वयातच दिसणाऱ्या भाषेच्या अडचणीचा, उल्लेख आहे. वाचन-लेखनावरही परिणाम झाला असेल, आणि बहुधा तो होतोच, तर या दारानं प्रमाणपत्र मिळण्याचा मार्ग खुला होतो. त्यावर परीक्षेतला वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती अवलंबून आहेत. हे प्रमाणपत्र साधारण तिसरीच्या, म्हणजे आठ वर्षांच्या सुमारास मिळू लागतं. तोवर थांबू नका. मदत सुरू करायला प्रमाणपत्राची अट नाही, आणि मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, हे याच कायद्याच्या सोळाव्या कलमाला अपेक्षित आहे. तपासणीसाठी मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. लांबून येणाऱ्यांनी आधी वेळ ठरवूनच यावं.

मग विशेष शाळेचा विचार करायचाच नाही का? जरूर करायचा, जेव्हा साध्या शाळेनं मनापासून बदल करूनही मूल वर्गातलं जवळजवळ काहीच उचलू शकत नाही, जेव्हा ते बोलणंच सोडून देऊ लागतं, सकाळी शाळेच्या नावानं पोटात दुखू लागतं. तेव्हा लहान पटसंख्येची, वर्गातच मदत देणारी शाळा शोधणं हा पराभव नाही. पण तिथंही तपासणी हीच : तास बघा, थेरपिस्ट आणि शिक्षक एकत्र काम करतात का ते बघा, आणि आपल्या मुलाच्या बुद्धीला पुरेसं आव्हान मिळेल का ते विचारा. निर्णय घेतल्यावर तो दगडावरची रेघ समजू नका. दर वर्षी मार्चमध्ये वर्षभराच्या वह्या आणि थेरपिस्टचा अहवाल समोर ठेवून घरातल्यांनी बसावं आणि एकच प्रश्न विचारावा : गेल्या वर्षी याला जे समजत नव्हतं, जे सांगता येत नव्हतं, त्यातलं काय आता जमतं? उत्तर दाखवता येत असेल तर शाळा योग्य आहे, तिची पाटी कुठलीही असो.

पुढील लेखांकात : वर्गशिक्षिकेकडे नेमकं काय मागायचं आणि कसं मागायचं.