नोकरी जेद्दाहला, जीव खुलताबादेत

वर्गात नवीन मुलं आली की हमखास विचारतात, "टीचर, तुमचं गाव कोणतं?" गेली अकरा वर्षं माझं उत्तर एकच, खुलताबाद. जेद्दाहच्या भारतीय शाळेतले माझे बहुतेक विद्यार्थी केरळ, हैदराबाद नाहीतर उत्तर प्रदेशचे. त्यांना हे नाव माहीत नसायचं. मग मी वेरूळच्या लेण्यांची खूण सांगायची. मार्च 2025 पासून खूण सांगावी लागत नाही. "औरंगजेबाची कबर आहे तेच ना?" असा उलट प्रश्न येतो.

आपल्यापैकी अनेकांच्या घरातलं कोणी ना कोणी आखातात आहे. तिथलं जगणं फोटोत दिसतं तेवढं सुखाचं नाही आणि अगदी हालाचंही नाही. फजरनंतर मुलांचे डबे, मग शाळेची बस, दुपारी उन्हाने तापलेल्या घरात वह्या तपासणं, शुक्रवार-शनिवारी सुट्टी. पगार रियालमध्ये येतो खरा, पण जुलै 2017 पासून सौदी सरकारने परदेशी कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक अवलंबितामागे महिना 100 रियाल शुल्क लावलं आणि वाढवत वाढवत 2020 मध्ये ते 400 वर नेलं. तीन मुलांचे वर्षाला 14,400 रियाल झाले. ज्यांना झेपलं नाही त्यांनी बायका-मुलांना गावी पाठवलं. वर्गातले बाक एकेक करून रिकामे होताना मी पाहिले आहेत.

या शुल्कावर स्टाफरूममध्ये फारसं कोणी बोललं नाही. आम्ही इथे पाहुणे, आमचं मत कोणी विचारत नाही, हे गृहीत धरूनच आलो होतो. सगळा आवाज निघतो तो भारताच्या राजकारणावर. शहराला औरंगाबाद म्हणायचं की छत्रपती संभाजीनगर, यावर चहा गार होईपर्यंत वाद चालतात. त्यात मीही मागे नसायचे. तिथून बोलायला पैसे पडत नाहीत. त्याची किंमत कोण मोजतं, हे मला त्या रमजानमध्ये कळलं.

कबर हटवण्याच्या मागणीवरून राज्य तापलं होतं. 17 मार्चला नागपुरात हिंसाचार झाला. खुलताबादेत बंदोबस्त वाढला. इफ्तारनंतर मी मोबाईल घेऊन बसले होते. एक व्हिडिओ आला, पाहून रक्त उसळलं आणि मी तो घरच्या ग्रुपवर टाकला. भाच्याने तो लगेच स्टेटसला लावला. रात्री भाईजानच्या दुकानाशेजारच्या दुकानदाराचा फोन आला, "हे काय लावलंय पोराने?" वीस वर्षं दोघं एकमेकांच्या भरवशावर दुकान सोडून जेवायला जातात. त्या रात्री पहिल्यांदाच दोघांच्या बोलण्यात अडखळ आली.

व्हिडिओ दुसऱ्याच राज्यातला आणि जुना निघाला. भाईजानने मला फोन केला. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "तू उधर है. हम इधर रहते."

मुलांना रोज सांगते, कुठून घेतलं ते तपासा, मग लिहा. माझीच मला लाज वाटली. त्या दिवसांत गावात येणारे कमी झाले होते, गल्ल्यात दिवसाचे पैसे जमत नव्हते, आणि मी हजारो मैलांवरून त्यात तेल ओतत होते.

मग परदेशात राहणाऱ्याने गप्प बसावं का? मला तसं वाटत नाही. आमचा पासपोर्ट भारताचा आहे, आई-वडील इथे आहेत, म्हातारपणी आम्हीही इथेच येणार. पण बोलायचं कसं, हे आपल्याच गावात शिकता येतं. खुलताबादेत आझाद बिलग्रामी यांची कबर आहे. अठराव्या शतकातला हा विद्वान हजला गेला आणि मदिनेत एका सिंधी आलिमाकडे हदीस शिकला. म्हणजे परदेशात शिकवणारे हिंदुस्थानी तेव्हाही होते. परत येऊन आझाद औरंगाबादेत राहिले आणि अरबी भाषेत हिंदुस्थानच्या थोरवीवर ग्रंथ लिहिला. आता कोणी मला कबरीचं विचारलं की मी आझादांबद्दल सांगते, मलिक अंबरबद्दल सांगते, जर जरी जर बक्ष यांच्या उरुसाबद्दल आणि श्रावणात रात्रभर चालत भद्रा मारुतीला येणाऱ्या भाविकांबद्दलही सांगते. गाव एका कबरीएवढं नाही, हे मुलांना पटतं.

बोलण्यापलीकडची गोष्ट मताची. 2010 च्या कायदा दुरुस्तीने परदेशस्थ भारतीय नागरिकाला मतदार होता येतं. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेलं नसावं. नमुना 6 अ ऑनलाईन भरता येतो, सोबत फोटो आणि पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती लागतात. पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव लागतं. जुनं मतदार ओळखपत्र असेल तर परत करावं लागतं. अडचण पुढे आहे. मतदानाच्या दिवशी मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर हजर राहावं लागतं. प्रतिनिधीमार्फत मत देण्याचं विधेयक 2018 मध्ये लोकसभेत मंजूर झालं, पण पुढे जाऊ शकलं नाही आणि 2019 मध्ये बारगळलं.

परिणाम आकड्यांत दिसतो. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत देशभरात 1,19,374 परदेशस्थ मतदार नोंदलेले होते, मत दिलं 2,958 जणांनी, त्यातले 2,670 एकट्या केरळचे. महाराष्ट्रात नोंद 5,097 आणि मतदान 17. स्टाफरूममधल्या आमच्या आवाजाचं वजन एवढंच. दूतावासातून किंवा टपालाने मत देण्याची सोय मागायची असेल, तर आधी यादीत आपली संख्या तरी दिसायला हवी.

या जुलैत सुट्टीवर आले तेव्हा दुसऱ्याच दिवशी भाच्याला शेजारी बसवून मी तो अर्ज भरला. अम्मी बघत होती. तिने विचारलं, "निवडणुकीला येशील?" मी म्हटलं, "सुट्टी मिळाली आणि तिकीट परवडलं तर." ती म्हणाली, "आलीस तर मत दे. नाही आलीस तर काही पाठवण्याआधी भाईला फोन कर."

दोन्ही मी कबूल केलं आहे.