इमारत परीक्षकांचा व्यावसायिक दायित्व विमा : पर्यायांचा तुलनात्मक अभ्यास (मंगळवेढा परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मंगळवेढा हे ज्वारीचे कोठार म्हणून ओळखले जाते. येथील ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्या काळ्या कसदार जमिनीने हे पीक दिले, ती जमीन घर बांधणाऱ्यासाठी मात्र बेभरवशाची असते. ही माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. पाया पुरेसा खोल नसेल तर हीच भेग पुढे भिंतीत व तुळईत दिसू लागते. संत चोखामेळा यांचा मृत्यू मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळून झाला, असे परंपरा सांगते आणि त्यांचे निधनवर्ष इ. स. १३३८ मानले जाते. बांधकामातील दोषाची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न या गावाला नवा नाही.

आज हा प्रश्न कायद्याच्या भाषेत विचारला जातो. घर विकत घेण्यापूर्वी, मजला वाढविण्यापूर्वी किंवा जुन्या इमारतीत राहणे चालू ठेवण्यापूर्वी लोक अभियंत्याकडून तपासणी करून घेतात आणि त्याच्या अहवालावर विसंबून आयुष्यभराची पुंजी गुंतवितात. अहवाल चुकीचा ठरला तर त्या कुटुंबाला भरपाई कोठून मिळणार? अभियंत्याची स्वतःची मिळकत बहुधा तेवढी नसते. अशा वेळी व्यावसायिक दायित्व विमा उपयोगी पडतो. प्रस्तुत लेखात या विम्याच्या उपलब्ध पर्यायांची तुलना केली आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) इमारत परीक्षकाच्या दायित्वाचे स्वरूप समजून घेणे. २) विम्याच्या विविध पर्यायांतील भेद स्पष्ट करणे. ३) पॉलिसी निवडताना कोणत्या अटींना प्राधान्य द्यावे हे सुचविणे.

अभ्यासाची पद्धत वर्णनात्मक असून तो कायदे, नियम व पॉलिसींच्या प्रचलित अटी या दुय्यम साधनांवर आधारलेला आहे. लेखातील आकडेमोडीची उदाहरणे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतली आहेत.

इमारत परीक्षक कोणास म्हणावे?

अमेरिकेत ‘होम इन्स्पेक्टर’ हा स्वतंत्र व्यवसाय आहे. त्यांची राष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये स्थापन झाली. टेक्सास राज्यात परवानाधारक निरीक्षकाला दायित्व विमा बाळगणे बंधनकारक आहे, तर कॅलिफोर्नियात या व्यवसायाला राज्याचा परवानाच लागत नाही. तेथे घर घेणारी मराठी कुटुंबे या निरीक्षकाशी परिचित असतात.

भारतात असा परवानाधारक व्यवसाय नाही. हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअर, वास्तुविशारद आणि बँकांच्या यादीवरील मूल्यांकनकार आपापल्या परीने करतात. या सर्वांना येथे ‘इमारत परीक्षक’ म्हटले आहे. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा अधिनियम व परिषद आहे. अभियंत्यांसाठी तसा देशव्यापी कायदा नाही. त्यामुळे विमा घ्यावा की न घ्यावा, हे व्यक्तीच्या विवेकावर सोडलेले आहे.

महाराष्ट्रात या कामाची मागणी मात्र कायद्यानेच वाढली आहे. महानगरपालिका क्षेत्रात ३० वर्षांहून जुन्या इमारतींचे परीक्षण बंधनकारक आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे ५ वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे ३ वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करावयाचे असते. मंगळवेढ्यासारख्या नगरपरिषद क्षेत्रांनाही २०२० पासून राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आहे.

दायित्वाचे स्वरूप

परीक्षकावर तीन प्रकारची जबाबदारी येऊ शकते. पहिली ग्राहक कायद्याची. १९९३ च्या लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या निकालात सर्वोच्च न्यायालयाने घरबांधणी ही ‘सेवा’ असल्याचे मान्य केले. मोबदला घेऊन दिलेल्या तांत्रिक सल्ल्यातील उणिवेबद्दल ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली तक्रार होऊ शकते. तिची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षे आहे. दुसरी जबाबदारी दिवाणी नुकसानभरपाईची. तिसरी फौजदारी : १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास ५ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

ही जबाबदारी केवळ कागदावरची नाही. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळील पादचारी पूल कोसळून ७ जण मृत्युमुखी पडले. त्याआधीच्या परीक्षणात पुलाला केवळ किरकोळ दुरुस्ती सुचविलेली होती. परीक्षण करणाऱ्या सल्लागाराला अटक झाली. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड येथील ‘तारिक गार्डन’ ही इमारत कोसळून १६ जणांचा बळी गेला. ती जुनी म्हणता येईल अशी इमारत नव्हती. विकासकाबरोबरच वास्तुविशारद आणि आर. सी. सी. सल्लागार यांच्यावरही गुन्हा नोंदविला गेला. दोन्ही घटनांत एक गोष्ट समान आहे : काम आधी झाले आणि त्याचा परिणाम नंतर दिसला. विम्याची निवड करताना कामाची तारीख आणि दाव्याची तारीख यांतील हेच अंतर निर्णायक ठरते.

घरमालकाचा विमा का पुरत नाही?

घरमालकाने स्वतःचा गृहविमा घेतला असेल तर परीक्षकाच्या विम्याची गरज काय, असा प्रश्न स्वाभाविक आहे. १ एप्रिल २०२१ पासून देशभर ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे. आग, भूकंप, पूर यांबरोबरच जमीन खचण्याची जोखीमही तीत समाविष्ट आहे. परंतु जमीन खचण्याच्या कलमातून नव्या बांधकामाचे नेहमीचे बसणे व तडे, तसेच सदोष आराखडा, सदोष काम किंवा निकृष्ट साहित्य यांमुळे झालेले नुकसान वगळलेले आहे. म्हणजे काळ्या मातीवरील घराला अपुऱ्या पायामुळे तडे गेले, तर मालकाच्या पॉलिसीतून काही मिळण्याची शक्यता कमी. अशा वेळी ज्याने पाया योग्य असल्याचा निर्वाळा दिला त्याचे दायित्व, हाच मालकाच्या हाती उरणारा एक प्रमुख आधार.

उपलब्ध पर्याय

सार्वजनिक क्षेत्रातील न्यू इंडिया, युनायटेड इंडिया, ओरिएंटल व नॅशनल या कंपन्या आणि अनेक खाजगी सर्वसाधारण विमा कंपन्या प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी देतात. तिचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे :

१) वैयक्तिक पॉलिसी : एकट्याने काम करणाऱ्या अभियंत्यासाठी सुटसुटीत. मात्र साहाय्यक किंवा प्रशिक्षणार्थीने केलेली पाहणी तीत समाविष्ट आहे काय, हे पाहणे आवश्यक.

२) फर्मची पॉलिसी : भागीदार व कर्मचारी यांच्या कामाला संरक्षण. फर्म सोडून गेलेल्या भागीदाराच्या जुन्या कामाचे काय, हा येथील कळीचा मुद्दा.

३) प्रकल्पनिहाय पॉलिसी : एका ठराविक मोठ्या कामासाठी. किरकोळ घरतपासण्या करणाऱ्यास ती सोयीची नाही.

४) संघटनेमार्फत समूह पॉलिसी : विमाहप्ता तुलनेने कमी असू शकतो. परंतु एकूण विमाराशी सर्व सभासदांत सामाईक आहे की प्रत्येकाची स्वतंत्र, हे तपासावे.

नावसाधर्म्यामुळे दोन पॉलिसींविषयी गोंधळ होतो. जनदायित्व विमा जागेवरील अपघातासाठी असतो. १९९१ च्या जनदायित्व विमा अधिनियमाचा संबंध तर धोकादायक पदार्थांशी आहे. कंत्राटदाराची ‘ऑल रिस्क’ पॉलिसी चालू बांधकामासाठी असते. चुकीचा व्यावसायिक अभिप्राय या दोहोंत सहसा बसत नाही.

तुलनेचे निकष

अ) दाव्याचा काळ : बहुतेक व्यावसायिक दायित्व पॉलिसी ‘दावा-आधारित’ असतात. काम केले त्या वर्षाची नव्हे, तर दावा दाखल झाला त्या वर्षाची पॉलिसी लागू होते. शिवाय ते काम पॉलिसीत नमूद केलेल्या पूर्वलक्षी तारखेनंतरचे असावे लागते. समजा, एका अभियंत्याने २०२२ मध्ये घर तपासले, त्या वर्षी पॉलिसी घेतली, २०२४ मध्ये नूतनीकरण केले नाही आणि २०२५ मध्ये नवी पॉलिसी घेतली. घराला तडे गेल्याची तक्रार २०२५ अखेरीस आली. नव्या पॉलिसीची पूर्वलक्षी तारीख २०२५ ची असल्यास दावा नामंजूर होईल. दोन पॉलिसींचे हप्ते भरूनही संरक्षण शून्य. खंड न पाडता नूतनीकरण केले असते, तर २०२२ ची तारीख कायम राहिली असती.

आ) वाढीव सूचना-काळ : पॉलिसी बंद झाल्यावरही आधीच्या घटनेची सूचना देण्यासाठी काही पॉलिसींत ९० दिवसांपर्यंत मुदत असते. निवृत्त होणाऱ्या अभियंत्यास एवढी मुदत अपुरी आहे. त्याने निवृत्तीनंतरच्या संरक्षणाची तरतूद आधीच विचारून घ्यावी.

इ) विमाराशीची विभागणी : एका दाव्याची मर्यादा व वर्षभराची मर्यादा यांचे प्रमाण १:१ पासून १:४ पर्यंत असू शकते. वार्षिक मर्यादा ५० लाख रुपये असली, तरी १:२ प्रमाणात एका दाव्यास २५ लाखच मिळतील. वकील व तज्ज्ञ यांचा खर्च बहुधा याच रकमेतून वजा होतो. तो ५ लाख झाला तर पीडित कुटुंबासाठी २० लाख उरतात.

ई) स्वतः सोसावयाची रक्कम : प्रत्येक दाव्यातील सुरुवातीचा ठराविक भाग विमाधारकाने भरावयाचा असतो. हप्ता कमी असलेल्या पॉलिसीत हा भाग मोठा असू शकतो.

उ) अपवाद : दंड, शिक्षा, हेतुपुरस्सर किंवा अप्रामाणिक कृत्य आणि करारान्वये जादा स्वीकारलेले दायित्व वगळलेले असते. जागेवर न जाता प्रमाणपत्र देणाऱ्यास कोणतीही पॉलिसी वाचवू शकत नाही.

ऊ) हप्ता व कर : २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विम्यावरील वस्तू व सेवा कर रद्द झाला. ही सवलत दायित्व विम्याला नाही. त्यावर १८ टक्के कर लागतो.

निष्कर्ष

१) केवळ विमाहप्ता व विमाराशी यांची तुलना दिशाभूल करणारी आहे. इमारतीतील दोष उशिरा उघड होत असल्याने पूर्वलक्षी तारीख व अखंड नूतनीकरण हा पहिला निकष ठरतो.

२) एकट्याने काम करणाऱ्या, तालुक्याच्या गावातील अभियंत्यास वैयक्तिक पॉलिसी सर्वांत सोयीची आहे. समूह पॉलिसी स्वतंत्र मर्यादेची असेल तरच तिचा विचार व्हावा.

३) विमा फौजदारी जबाबदारीतून सुटका करीत नाही, तो पीडिताला मिळावयाच्या पैशाची सोय करतो.

सूचना

१) परीक्षकाने अहवालात काय तपासले व काय तपासले नाही, हे स्पष्ट लिहावे. केवळ डोळ्यांनी पाहणी केली की रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, कोअर यांसारख्या चाचण्या केल्या, याची नोंद असावी. पाया उघडून पाहिला नसल्यास तसे नमूद करावे.

२) जुने अहवाल, छायाचित्रे व पॉलिसींच्या प्रती जपून ठेवाव्यात. तक्रारीची चाहूल लागताच विमा कंपनीला लेखी कळवावे. परस्पर चूक मान्य करून तडजोड करू नये.

३) गृहनिर्माण संस्था व घर घेणाऱ्यांनी परीक्षक नेमताना शुल्काबरोबरच चालू पॉलिसीची प्रत व तिची पूर्वलक्षी तारीख मागावी.

४) नगरपरिषदांनी परवाना नूतनीकरणाच्या वेळी अशा विम्याची माहिती नोंदवून घेतल्यास नागरिकांना निवड करणे सुलभ होईल.

समारोप

इमारतीच्या प्रमाणपत्रावरील स्वाक्षरी ही व्यवहारात एक हमी मानली जाते. त्या हमीमागे ज्ञान, प्रत्यक्ष पाहणी आणि आर्थिक तरतूद या तिन्ही गोष्टी असाव्या लागतात. काळ्या मातीवर घर बांधताना जशी पायाची खोली आधी विचारात घेतली जाते, तशीच परीक्षकाच्या पॉलिसीची तारीखही आधी पाहण्याची सवय लागणे हे घरमालक व अभियंता या दोघांच्याही हिताचे आहे.