वेगळी चूल मांडेपर्यंत

दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशातून आलेल्या कुटुंबांना पहिला निवारा मिळावा म्हणून ऑस्ट्रेलियन सरकारने उभारलेल्या वसाहतींना 'मायग्रंट होस्टेल' म्हणत. सिडनीजवळ व्हिलावुड, ईस्ट हिल्स आणि बनेराँग, मेलबर्नला मॅरिबर्नाँग आणि नुनावाडिंग, ॲडलेडला फिन्सबरी, पर्थला ग्रेलँड्स, ब्रिस्बेनला वॅकॉल अशी ती देशभर पसरलेली होती. युद्धकाळातले लष्करी तळ, दारूगोळ्याच्या कारखान्यांची आवारे, लोकरीची गोदामे, जिथे मोकळी जागा आणि उभे छप्पर मिळाले तिथे होस्टेल निघाले. १९५०च्या दशकाच्या आरंभी त्यांचा कारभार 'कॉमनवेल्थ होस्टेल्स लिमिटेड' या सरकारी कंपनीकडे आला. ब्रिटिश स्थलांतरितांचे रोजचे जगणे समजून घ्यायचे, तर या होस्टेलच्या जेवणघरापासून सुरुवात करणे सोयीचे आहे. पण तिथे पोहोचण्याआधी ही माणसे निघाली कशी, हे पाहायला हवे.

१९४५ साली ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या जेमतेम सत्तर लाखांच्या वर होती. जपानी विमानांनी डार्विन शहरावर टाकलेले बॉम्ब लोकांच्या स्मरणात ताजे होते आणि एवढा मोठा भूखंड इतक्या थोड्या माणसांनी राखायचा कसा, हा प्रश्न राज्यकर्त्यांना पडला होता. कारखान्यांना आणि बांधकामांनाही हात हवे होते. पहिले स्थलांतरमंत्री आर्थर कॉलवेल यांनी 'माणसे वाढवा, नाहीतर संपा' अशी भूमिका घेतली. ब्रिटनशी करार झाला आणि १९४७ पासून प्रौढ माणसाला अवघ्या १० पौंडांत ऑस्ट्रेलियाला नेणारी योजना सुरू झाली. खरे भाडे शंभर पौंडांहून अधिक होते. उरलेला भार दोन्ही सरकारे उचलत. अट एकच होती. निदान दोन वर्षे राहायचे. त्याआधी परतायचे तर वाचलेले भाडे भरून द्यायचे आणि परतीचा खर्चही स्वतः करायचा. या भाड्यावरून त्यांना 'टेन पाउंड पॉम' हे नाव पडले. 'पॉम' म्हणजे ऑस्ट्रेलियन बोलीत इंग्रज.

लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरील ऑस्ट्रेलिया हाउसमध्ये अर्ज, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी उरकली की टिलबरी किंवा साउदम्प्टन बंदरातून आगबोट सुटे. सुएझ कालवा, एडन, कोलंबो आणि मग सलग पाणी ओलांडून ऑस्ट्रेलियाचे फ्रीमँटल बंदर, असा चार ते सहा आठवड्यांचा हा प्रवास होता. पी अँड ओ कंपनीच्या काही बोटी वाटेत मुंबईलाही थांबत. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये रेशनवर वाढलेल्या मुलांना बोटीवर दिवसातून तीन वेळा भरलेले ताट मिळाले, ही अनेकांची आयुष्यभराची आठवण ठरली. ब्रिटनमधले मांसाचे रेशनिंग १९५४ च्या जुलैपर्यंत चालू होते.

ज्यांचे नातेवाईक किंवा ओळखीचे आधीच तिकडे होते आणि ज्यांनी राहण्याची हमी घेतली होती, ती कुटुंबे बंदरावरून थेट त्यांच्या घरी जात. ज्यांचे कोणी नव्हते त्यांना बस किंवा आगगाडी होस्टेलच्या फाटकाशी आणून सोडी. प्रचारपत्रकांत बंगला, अंगण आणि समुद्रकिनारा पाहून निघालेल्या माणसांसमोर इथे निसेन हटच्या रांगा असत. पीटर निसेन या लष्करी अभियंत्याने १९१६ मध्ये सैनिकांसाठी योजलेली ही झोपडी म्हणजे पन्हळी पत्रा वाकवून जमिनीवर पालथा घातलेला अर्धा नळा. उभारायला सोपी, वाहून न्यायला हलकी. मात्र उन्हाळ्यात तो पत्रा भट्टीसारखा तापे आणि हिवाळ्यात रात्री गारठे. भिंत वाकलेली, त्यामुळे कपाट तिला टेकवून ठेवता येत नसे. एका हटमध्ये मधोमध पातळ पार्टिशन घालून दोन-दोन कुटुंबे राहत. शेजारचे बोलणे, खोकणे, तान्ह्या मुलाचे रडणे सगळे इकडे ऐकू येई. न्हाणीघर, संडास आणि कपडे धुण्याची जागा सामाईक आणि झोपडीपासून दूर असे. पावसाळी रात्री लहान मुलाला तिथवर नेणे हे आईच्या वाट्याला येणारे काम होते.

तरीही होस्टेलविषयीच्या आठवणींत सर्वांत जास्त तक्रार पत्र्याची नसते, जेवणाची असते. हटमध्ये स्वयंपाकाला मनाई होती. सकाळ-संध्याकाळ घंटेच्या वेळी जेवणघरात जायचे, रांगेत उभे राहायचे आणि समोर येईल ते खायचे. कामावर जाणाऱ्याला दुपारसाठी सँडविचचा डबा मिळे. पदार्थांत मटणाची सत्ता असे: भाजलेले, उकडलेले, रश्श्यातले. रेशनच्या देशातून आलेल्यांना पहिल्या आठवड्यात या भरपूर मांसाचे अप्रूप वाटे; महिन्याभरात त्याचा वास नकोसा होई. पण खोलवर सलणारी गोष्ट वेगळी होती. ज्या बाईने वीस वर्षे आपल्या चुलीवर आपल्या माणसांना जेवू घातले, तिच्या हातून तेच एक काम काढून घेतले होते. पोर आजारी पडले तर त्याला पेज करून देण्याची सोय नव्हती; कामाच्या पाळीवरून उशिरा आलेल्या नवऱ्याला गरम घास देता येत नव्हता. म्हणून लपवून आणलेल्या शेगड्या आणि स्टोव्ह जवळजवळ प्रत्येक होस्टेलमध्ये होते. विजेची शेगडी लावली की सगळ्या रांगेचा फ्यूज उडे, अधिकारी तपासणीला येत आणि तेवढ्यापुरती शेगडी पलंगाखाली जाई. बेशिस्त म्हणून याची नोंद झाली असेल. प्रत्यक्षात ती घर टिकवण्याची धडपड होती.

या जेवणाचे आणि खोलीचे पैसे पगारातून भरावे लागत. १९५२ मध्ये होस्टेलचे दर वाढवले गेले तेव्हा ब्रिटिश रहिवाशांनी अनेक ठिकाणी वाढीव रक्कम द्यायला नकार दिला. ब्रिटनमधल्या कामगार संघटनांत तयार झालेली ही माणसे. त्यांनी समित्या नेमल्या, सभा घेतल्या, प्रकरणे न्यायालयापर्यंत गेली. वर्तमानपत्रांतून मात्र 'व्हिंजिंग पॉम', म्हणजे सदा कुरकुरणारा इंग्रज, ही प्रतिमा घट्ट झाली. हे अन्यायाचे होते. घरभाड्याच्या दराने खाटा आणि पार्टिशन देणाऱ्या व्यवस्थेला जाब विचारणे म्हणजे कुरकुर नव्हे.

काम मात्र चटकन मिळे. व्हिलावुडच्या आसपासचे कारखाने, पोर्ट केम्ब्लाचा पोलाद कारखाना, ॲडलेडचे मोटार उद्योग यांना कुशल कामगार हवेच होते. युरोपातून आलेल्या निर्वासितांना सरकार सांगेल तिथे दोन वर्षे काम करण्याचा करार पाळावा लागे; ब्रिटिशांवर तसे बंधन नव्हते. भाषा एकच असल्यामुळे सगळे सोपे जाईल ही समजूत मात्र टिकत नसे. समारंभाच्या निमंत्रणात 'ब्रिंग अ प्लेट' असे लिहिलेले असे, तेव्हा काही नवखी मंडळी रिकामी ताटली घेऊन गेली. अर्थ होता, सर्वांसाठी एक पदार्थ करून आणा. शाळेत मुलांच्या ग्लासगो किंवा लँकेशरी उच्चारांची टिंगल होई, आणि मुले शाळेपुरता एक आणि झोपडीपुरता दुसरा असे दोन उच्चार शिकत. न्यू साउथ वेल्समध्ये १९५५ पर्यंत आणि व्हिक्टोरियात १९६६ पर्यंत दारूचे गुत्ते संध्याकाळी सहाला बंद होत. कामानंतर निवांत पबमध्ये बसण्याची सवय असलेल्यांना काम सुटल्यापासून सहापर्यंतचा तो घाईचा एक तास परका वाटे. नाताळ भर उन्हाळ्यात येई. फोन महाग होता, म्हणून आईवडिलांशी संबंध हवाई टपालाच्या निळ्या पत्रापुरता उरे.

होस्टेलच्या गर्दीने काही चांगलेही दिले. व्हिलावुडमध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि नेदरलँड्समधून आलेली तरुण मुले भेटली आणि १९६४ मध्ये 'ईझीबीट्स' हा बँड जन्मला. त्यातल्या जॉर्ज यंगचे धाकटे भाऊ माल्कम आणि अँगस यांनी पुढे 'एसी/डीसी' हा रॉक बँड काढला. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधान झालेल्या ज्युलिया गिलार्ड यांचे कुटुंबही १९६६ मध्ये वेल्समधून याच १० पौंडांच्या योजनेने ॲडलेडला आले.

होस्टेलचा मुक्काम काही आठवड्यांचा धरलेला असे. घरटंचाईमुळे अनेकांचे एक-दोन वर्षे तिथेच गेले. सुटकेचा मार्ग म्हणजे पैसे साठवून शहराच्या कडेला जमिनीचा तुकडा घेणे. आधी गॅरेज बांधायचे, त्यात संसार मांडायचा आणि शनिवार-रविवारी हळूहळू घर उभे करायचे. पुष्कळ उपनगरांत मलनिस्सारणाच्या वाहिन्या पोहोचलेल्या नव्हत्या, संडास परसाच्या टोकाला असे. तरी आपल्या चुलीवरचा पहिला चहा झाला की होस्टेल मागे पडे. दक्षिण ऑस्ट्रेलियात राज्याच्या हाउसिंग ट्रस्टने १९५५ मध्ये ॲडलेडच्या उत्तरेला एलिझाबेथ नावाचे नगरच वसवले. तिथे इतकी ब्रिटिश कुटुंबे आली की दुकानांत, क्लबांत, फुटबॉलच्या मैदानांवर मायदेशी वळण स्पष्ट दिसे.

सुमारे चतुर्थांश लोक परत गेले. कोणाला आईच्या आजारपणाने ओढले, कोणाला एकटेपणाने, विशेषतः दिवसभर घरी असणाऱ्या स्त्रियांना. परतलेल्यांपैकी जवळपास निम्मे पुन्हा ऑस्ट्रेलियाला आले. त्यांना 'बूमरँग पॉम' म्हणत.

या सगळ्या हालअपेष्टांसोबत ब्रिटिशांना मिळालेले झुकते मापही नोंदवले पाहिजे. नागरिकत्व न घेताही सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर ते मतदान करू शकत, आणि २५ जानेवारी १९८४ पर्यंत मतदारयादीत असलेल्यांचा हा हक्क आजही कायम आहे. गोऱ्या ऑस्ट्रेलियाचे धोरण १९०१ पासून आशियाई माणसाला दाराबाहेर ठेवत होते. १९४७ च्या ऑगस्टमध्ये 'मनूरा' ही नौका मुंबईहून सुमारे सातशे प्रवासी घेऊन फ्रीमँटलला लागली. त्यांत बरेच अँग्लो-इंडियन आहेत हे दिसल्यावर तिकडे वाद झाला आणि पुढे त्यांच्या प्रवेशाचे नियम कडक केले गेले. ब्रिटनहून येणारे आणि हे अँग्लो-इंडियन, ब्रिटिश राजाचे प्रजाजन दोघेही होते. १० पौंडांचे तिकीट गोऱ्यांसाठी होते. गोऱ्या ऑस्ट्रेलियाचे हे धोरण १९७३ मध्ये पूर्णपणे मोडीत निघाले.

त्याच सुमारास भाडे वाढवले गेले, ब्रिटनमधून येणाऱ्यांची संख्या ओसरली आणि १९८२ मध्ये योजना संपली. तोवर दहा लाखांहून अधिक ब्रिटिश तिकडे गेले होते. होस्टेल एकामागून एक बंद झाली. व्हिलावुडच्या आवारात १९७६ पासून परवान्याविना राहणाऱ्यांसाठी स्थानबद्धता केंद्र चालू आहे. वुलनगाँगजवळ फेअरी मेडोच्या होस्टेलच्या जागेवर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची निवासस्थाने आली, आणि जुन्या अर्धगोल झोपड्यांपैकी काही तिथे वारसा म्हणून राखून ठेवल्या आहेत.